पदरचा अश्रू

त्या वर्षी आमच्या घरात दोन ट्रंका होत्या, आणि त्या कधी पुरत्या भरलेल्या नसत, कधी पुरत्या रिकाम्याही नसत. अप्पांच्या कचेरीतून नवी खबर आली की आई पितळेची भांडी, जरीची पातळं, देवघरातले जास्तीचे देव ट्रंकेत भरायला घेई. चार दिवसांनी कुणी जेवायला यायचं ठरलं की तीच भांडी काढायला ट्रंक पुन्हा उघडे. राज्य मोडणार हे सगळ्यांना माहीत होतं. मराठी मुलूख एकीकडे जाणार, कानडी दुसरीकडे, आणि आमचं हैदराबाद तेलुगू भागाबरोबर राहणार. सरकारी नोकरांनी कुठं जायचं, यावर मात्र रोज वेगळं ऐकू येई. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी दूध घेताना, संध्याकाळी ओट्यावर, हीच बोलणी चालत. "तुमचं काय ठरलं?" या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि तरी प्रत्येक जण तोच प्रश्न दुसऱ्याला विचारत होता.

या सगळ्यात मी मात्र वेगळ्याच कारणानं बेचैन होते. मला लेखिका व्हायचं होतं. मॅट्रिकच्या वर्गात होते, निबंधाला बाईंचा शेरा चांगला मिळे, आणि तेवढ्यावर माझी खात्री पटली होती. जाडजूड वही आणली होती. पहिल्या पानावर माझं नाव, दुसऱ्यावर अर्पणपत्रिका, आणि तिसऱ्या पानापासून पुढं काही नाही. काय लिहायचं ते सुचेना. मग मी मराठी ग्रंथालयातून थोर लेखकांची चरित्रं आणायला लागले. ही माणसं लेखक कशी झाली ते एकदा कळलं की आपणही तसंच करायचं, असा माझा सरळ हिशेब होता. एक जण म्हणे माळ्यावर चढून शिडी वर ओढून घेई आणि पान पुरं झाल्याशिवाय खाली उतरत नसे. एकानं सात वर्षं अळणी खाल्लं, त्यानं बुद्धी तल्लख झाली. तिसरा कपाळाला ओलं फडकं बांधून बसे. मी सगळं करून पाहिलं. अळणीचा प्रयोग सहाव्या दिवशी संपला, कारण आईनं आंबट चुक्याची दाळ केली होती आणि तिला लसणाची फोडणी दिली होती. "तुझ्या लेखकांना असली दाळ मिळाली असती ना, तर तेही मुकाट्यानं मीठ मागून जेवले असते," ती म्हणाली.

पण खरं दुखणं त्या सवयींचं नव्हतं. चरित्रांमध्ये दुःख होतं, आणि आमच्याकडे ते नव्हतं. कुणी लहानपणी पोरकं झालं, कुणाला क्षय झाला, कुणी देशोधडीला लागलं. आमच्या घरी आई होती, अप्पा होते, पहिलीतली धाकटी बहीण सुधा होती, आणि सगळे ठणठणीत होते. अप्पा महसूल खात्यात तर्जुमा करायचे, म्हणजे भाषांतर. उर्दूचं इंग्रजी आणि इंग्रजीचं उर्दू, सबंध दिवस. कापडी पिशवीतून मिसली, म्हणजे कचेरीच्या फायली, घरी आणायचे, लिहिता लिहिता टाकाचं टोक स्वतःच्या केसांना पुसायचे, आणि कामापलीकडे फारसं बोलायचे नाहीत. असल्या माणसाच्या पोटी जन्मून लेखक कसं व्हायचं? आज हे लिहिताना लाज वाटते. घर पायाखालून सरकत होतं, आणि मी दुःख नाही म्हणून हिरमुसले होते.

शिडी ओढून घेणाऱ्या लेखकामुळेच मला ते दिसलं. आमच्याकडे माळा नव्हता म्हणून मी रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन बसे. जेवणं झालेली असत, आई आणि सुधा आत पंख्याखाली झोपलेल्या असत, गल्लीत एखादा भांड्यांना कल्हई करणारा सोडला तर आवाज नसे. अशाच एका दुपारी मी कठड्यावरून खाली पाहिलं. मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या सावलीत अप्पा पाटावर बसले होते. पुढं सुधाची दुरेघी वही होती. ते काहीतरी लिहीत होते आणि लिहिताना त्यांचे ओठ हलत होते, सुधाचे हलतात तसे. एकदा त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं, कुणी उठलं नाही ना म्हणून. मग पुन्हा खाली घातली.

ते उठून गेल्यावर मी खाली आले. वही कोंड्याच्या डब्यामागं सापडली. उघडली तर आत 'क का कि की'. मोठी, डावीकडे कललेली अक्षरं. 'ख'चे दोन भाग एकमेकांपासून लांब पडलेले. पानंच्या पानं भरली होती, शेवटचं तर एकाच अक्षरानं.

समजायला मला थोडा वेळ लागला. अप्पांची सगळी शाळा उर्दूत झाली होती. मराठी त्यांच्या तोंडात होती, हातात नव्हती. आजोबांना पत्र लिहायचं ते उर्दूत, बाजारची यादी उर्दूत. रोज सकाळी ते मराठी वर्तमानपत्र मला मोठ्यानं वाचायला लावत आणि म्हणत, "माझे डोळे दुखतात गं." मी लहानपणापासून ते डोळ्यांचंच दुखणं धरून चालले होते. मराठी माणूस म्हणून त्यांना मराठी मुलखात पाठवणार होते, औरंगाबादला, तिथं महसुलाचे कागद मराठीत होणार होते, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचे अप्पा सुधाच्या वहीत बाराखडी गिरवत होते. मला हैदराबादेतच ठेवा, असा अर्ज त्यांनी का दिला होता, तेही तेव्हा कळलं. आई समजत होती की त्यांचा या शहरात जीव अडकलाय. मी वही होती तशी ठेवली आणि कुणाला बोलले नाही. निदान तेव्हा तरी नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ग्रंथालयाच्या वार्षिक समारंभाला पुण्याकडचे एक मोठे लेखक आले. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांचा दोष माझ्याहून मोठा होता असं मला वाटत नाही. ग्रंथालयाचे चिटणीस वामनकाका आमचे शेजारी. पाहुणे त्यांच्याकडेच उतरायचे, पण त्यांच्या घरी सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून तीन दिवस ते आमच्याकडे राहिले. मी हवेत होते. त्यांचं चरित्र मी दोनदा वाचलं होतं. ते पहाटे नदीवर जातात, थंड पाण्यात बुडी मारतात आणि वडाच्या पारावर बसून लिहितात, असं त्यात होतं. पहिल्या दिवशी मी पहाटे उठून चहाचं आधण ठेवलं. पाहुणे आठला उठले. त्यांनी गरम पाणी मागितलं, मग आणखी थोडं गरम पाणी मागितलं, आणि अंबाड्याच्या भाजीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कचेरीत गेले होते, आई स्वयंपाकघरात होती. पाहुणे ओसरीवर खुर्ची टाकून सिगारेट ओढत होते. मी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेऊन गेले आणि धीर करून विचारलं, "तुम्ही इथं नदीवर नाही गेलात? मुसी जवळच आहे."

"नदीवर कशाला?"

"पहाटे लिहायला. पुस्तकात आहे."

ते मोकळेपणानं हसले. "अगं, ते मीच सांगितलं होतं त्या चरित्रकाराला. बिचारा तीन तास बसला होता, त्याला काहीतरी हवं होतं. मी पहाटे उठलोच तर घरचे डॉक्टरला बोलावतील."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग तुम्ही लिहिता ते येतं कुठून?"

"माणसं सांगतात. मी ऐकतो." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "तुलाही लिहायचंय, असं वामनराव म्हणत होते. काय आहे तुझ्याकडे? सांग काहीतरी. स्वतः पाहिलेलं."

माझ्याकडे काही नाही, हीच भीती मी वर्षभर उराशी धरली होती. आणि समोर ते वाट पाहत बसले होते, खरोखरचे लेखक. मी अप्पांचं सांगितलं. गच्ची, पाट, ओठांची हालचाल, कोंड्याच्या डब्यामागची वही, वर्तमानपत्र, डोळे. मी सांगत गेले तसे ते पुढं झुकत गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं असं ऐकत होतं, आणि त्याची अशी काही धुंदी चढली की संपवताना मला ते तेवढंच अपुरं वाटायला लागलं. म्हणून मी म्हणाले, "आणि वहीच्या पानावर अश्रू पडला होता. 'ख' फुटला होता त्यानं."

पान कोरडं ठणठणीत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी सिगारेटचं पाकीट फाडून आतल्या पांढऱ्या बाजूवर चार शब्द टिपले. "तू छान सांगतेस," ते म्हणाले. दुपारच्या गाडीनं ते गेले. मला दोन दिवस जेवण गोड लागलं. मग मात्र अप्पा वर्तमानपत्र वाचायला हाक मारत तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले. चरित्रं आणणं बंद केलं. वही उघडली नाही. काही होणार नाही, पाकिटावरचे चार शब्द कोण जपून ठेवतंय, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

राज्य मोडलं त्याच दिवसांत दिवाळी अंक आले. रविवारी सकाळी फराळाला वामनकाका आले, त्यांच्याबरोबर ग्रंथालयाची तीन-चार मंडळी होती आणि अप्पांच्या कचेरीतले एक जण होते. वामनकाकांच्या बगलेत अंक होता. "आपल्या पाहुण्यांची गोष्ट आहे यात. आणि हैदराबादची आहे! तुमच्या घरचं मीठ खाऊन लिहिलीय, तेव्हा तुमच्याच घरी वाचायची." आईनं चकल्या पुढं ठेवल्या. अप्पा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

वामनकाका छान वाचत. पहिल्याच परिच्छेदात कापडी पिशवी आली. दुसऱ्यात केसांना टाक पुसणारा म्हातारा मुन्शी आला. कुणीतरी हसून म्हणालं, "अरे, हे तर आपले..." मी दाराला धरून उभी होते. वामनकाकांना पुढचं पान उलटताना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. थांबावं तर सगळं उघड होणार, वाचावं तर तेच. अप्पा शांतपणे म्हणाले, "वाचा की."

मग त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. बाराखडी, लहान मुलीची वही, कोंड्याचा डबा. शेवटी म्हातारा मुन्शी एकटा बसून रडतो, त्याचा अश्रू 'ख'वर पडतो, आणि अक्षर फुटतं. गोष्ट तिथं संपली होती. खरं सांगायचं तर गोष्ट चांगली होती. कचेरीतले गृहस्थ चकलीचा तुकडा हातात धरून जमिनीकडे बघत होते. "बराय, चलतो आम्ही," वामनकाका म्हणाले, आणि जाताना अंक न्यायला विसरले.

दार लागल्यावर आईनं अप्पांकडे पाहिलं. "अहो, हे खरंय?"

"हौ," अप्पा म्हणाले. "कुणी सांगितलं?"

सुधा भांबावून आमच्याकडे बघत होती. वही तिची होती, आणि आता आपल्यालाच रागावणार असं तिला वाटत होतं. मी म्हणाले, "मी सांगितलं अप्पा."

त्यांनी मला हाताच्या अंतरावर बोलावलं. मार बसेल असं वाटलं. बसला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे. पाट, न्हाणीघर, डबा, सगळं. पण मी रडलो कधी?"

"नाही रडलात."

"मग हे कुणी घातलं? त्यांनी?"

त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. ते पुण्यात होते. मी म्हणाले, "मीच. मी त्यांना तसं सांगितलं."

"का?"

"नुसती बाराखडी... त्यात काहीतरी कमी पडत होतं."

अप्पांनी राहिलेला अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांचा तर्जुमा केला विमल. खाली लिहावं लागतं, असल बरहुकूम. म्हणजे मुळात आहे तसंच, जास्त नाही, कमी नाही. कितीदा तरी वाटायचं, बिचाऱ्याचा अर्ज कमजोर आहे, एखादा शब्द पदरचा घालावा. नाही घातला. घातला असता तर दुसऱ्या कुणाची जमीन गेली असती." ते उठले. "वही मी लपवली, ती माझी शरम. ती तू सांगितलीस, त्याचं मला वाईट वाटलं. पण रडणं माझं नव्हतं. ते तू माझ्या नावावर चढवलंस. आता ह्या शहरात मी रडलेला माणूस आहे."

मी हुंदके देऊन रडले. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. आई म्हणाली, "पुरे आता," आणि ते आम्हा दोघांनाही म्हणाली असावी.

नंतरचे चार दिवस अप्पांनी मला वाचायला हाक मारली नाही. वर्तमानपत्र तसंच घडी केलेलं पडून राही. पाचव्या दिवशी कचेरीतून आल्यावर अप्पांनी हातपाय धुतले, मागच्या अंगणात गेले, कोंड्याच्या डब्यामागची वही आणली आणि समोरच्या ओसरीवर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी मेज ओढून बसले. मला हाक मारली. "आता लपवायचं काय राहिलं? बस. बाराखडी मला येते. जोडाक्षरांनी दिमाग खराब केलाय. 'क्ष' कुठून कुठं काढायचा ते दाखव."

मी दाखवलं. पुढचे दीड-दोन महिने रोज संध्याकाळी मी अप्पांना जोडाक्षरं शिकवली. रस्त्यानं वामनकाका जात, ओशाळं हसत. एके दिवशी ते स्वतःच ओट्यावर चढले आणि म्हणाले, "मुन्शीजी, 'ज्ञ' मलाही कधी नीट आला नाही," आणि बसून राहिले. हैदराबादेत ठेवा हा अर्ज अप्पांनी मागं घेतला. तो मागं घेणारा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिला. कचेरीत तो कुणाला वाचता आला की नाही, देव जाणे. त्यांचं बोलणं पूर्ववत व्हायला मात्र त्याहून वेळ लागला. ते मला विचारत ते फक्त अक्षरांचं. मीही तेवढंच सांगे आणि उठे.

आता मी कुकटपल्लीत मुलाकडे राहते. लग्नानंतर माझं आयुष्य हैदराबादेतच गेलं, अप्पा-आई औरंगाबादला राहिले. माझी नात मराठी बोलते, पण अर्ध्या वाक्यात तेलुगू आणि उरलेल्यात इंग्रजी असते, आणि माझी पुस्तकं तिला वाचता येत नाहीत. वाचून दाखव म्हणते. मी तिला रागावत नाही. कुणी भेटायला येतं, तुम्हाला लिहायची प्रेरणा कोणत्या लेखकांपासून मिळाली असं विचारतं. मी दोन-चार मोठी नावं सांगते, कारण त्यांनाही काहीतरी हवं असतं.

औरंगाबादला जायच्या आदल्या आठवड्यात, अशीच संध्याकाळची वेळ होती. अप्पा पान पुरं करून बोटं मोडत होते. मी एकदम विचारलं, "अप्पा, तेव्हा अंगणात बसून गिरवत होतात, तेव्हा तुम्हाला खरं काय वाटत होतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आता विचारतेस?"

"हो."

"पहिल्यांदा राग यायचा. ह्या वयात पोरीची वही चोरावी लागते म्हणून. तिसऱ्या-चौथ्या रविवारी 'ळ' आला." त्यांच्या तोंडावर असं हसू आलं जे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "उर्दूत 'ळ' नाही गं. सबंध आयुष्य बोलत आलो, बाळ, काळ, मूळ, शाळा. लिहायचा तर 'ल'. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. सारखा लिहीतच बसलो, पानभर. गंमत वाटली. मजा आली मला. तू वरून बघत होतीस ना, तेव्हा बहुतेक तेच चाललं होतं."

मी आत जाऊन माझी जाड वही काढली. अर्पणपत्रिकेचं पान फाडून टाकलं आणि तिसऱ्या पानावर लिहायला बसले. दोन पानं झाली. त्यांनी सांगितलं तेवढंच, मी पाहिलं तेवढंच. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. वही अप्पांच्या हातात दिली तेव्हा मी म्हणाले, "मी वाचून दाखवू?"

"नको. मी वाचतो."

ते बोट ठेवून वाचायला लागले. एकेका ओळीला इतका वेळ लागे की मी उठून पाणी पिऊन आले, परत बसले, पुन्हा उठले. आयुष्यात नंतर कितीतरी परीक्षणं आली, पण तशी वाट मी पुन्हा कधी पाहिली नाही. एका जागी ते हसले. एका जागी थांबून मागची ओळ पुन्हा वाचली. शेवटी दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचं बोट टेकलं.

"इथं तू 'आनंद झाला' असं लिहिलंयस. मी तसं म्हणालो होतो?"

"नाही. तुम्ही 'मजा आली' म्हणालात."

"मग?"

मी त्यांच्याच टाकानं 'आनंद झाला' खोडलं आणि वर 'मजा आली' लिहिलं. त्यांनी ते शब्द बोट ठेवून एकदा वाचले, मान हलवली, आणि टाकाचं टोक माझ्याच केसांना पुसून आईला म्हणाले, "वाढ, आम्ही दोघं आलो."